रिकामं फोल्डर

पेपर काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण विभागाच्या बैठकीत मान खाली घालायला मला उशीर झाला. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना कॉम्प्युटर कितपत येतो ते तपासायचं आणि त्यांच्या दोन बॅच करायच्या. ज्यांना येतो त्यांची बॅच सकाळी, ज्यांना येत नाही त्यांची दुपारी. मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे असली कामं माझ्याकडे आपोआप येतात. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, सोपं ठेवा. पण सगळेच पास होतील इतकंही नको."

जुन्या पेपरात संगणकाचे जनक कोण, अमक्याचं पूर्ण रूप काय, असले प्रश्न असायचे. पोरं त्यात पैकीच्या पैकी मिळवायची आणि महिन्याभरानं विचारायची, "मॅडम, माझी फाइल कुठं गेली?" मला त्याचा वीट आला होता. म्हणून मी सरळ प्रात्यक्षिक ठेवलं. बसच्या पाससाठी दाखला हवा म्हणून स्वतःचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर घालून प्राचार्यांना अर्ज टाइप करा, एक लहानसा तक्ता करून बेरीज काढा आणि दोन्ही फाइली डेस्कटॉपवरच्या आपल्या रोल नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डर उघडायचं, बघायचं, मार्क द्यायचे. यात भांडायला कुणाला जागाच राहणार नाही, असं मला वाटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी एकानं मॉनिटरच्या काचेवर बोट घासून पाहिलं. लासूर स्टेशनहून येणाऱ्या एकानं हात वर करून विचारलं, "मॅडम, याचा माइक कुठंय? मी बोलून टाइप करतो की." हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. मध्येच लाइट गेली. ती आली तेव्हा अर्ध्या मुलांचे अर्ज उडाले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू बटण मीच दाबलं.

खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. रोज खुलताबादहून बसनं येणारी, ओढणी डोक्यावर पिनेनं पक्की बसवलेली. लाइट गेली तेव्हा तिचं काही गेलं नाही, कारण दर दोन ओळींनी ती फाइल सेव्ह करत होती. तिची बोटं इतकी सहज चालत होती की मी तिच्यामागं नुसती उभी राहिले. त्या दिवसातलं तेवढंच सुख. ती सगळ्यांच्या आधी उठली, कीबोर्ड आत सरकवला आणि गेली.

नंतर तपासायला बसले, तर तिचं फोल्डर रिकामं. वाटलं, चुकून उडालं असेल. रिसायकल बिन उघडली, तर तीही रिकामी.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून घेतलं. "फाइली कुठायत तुझ्या?"

"डिलीट केल्या, मॅडम."

मला रागच आला. "डिलीट? कशाला?"

ती गोंधळली. "सवय हाय मॅडम, हातच गेला." दुपारी ती शहागंजात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात काम करते. "लोकांचं आधार, फोटो, नंबर, समदं त्याच्यात असतं ना. गिऱ्हाईक उठलं की पहिलं ते मिटवायचं, बिन पण खाली करायची. नाय केलं तर दुकानवाले चाचा लई वरडतात." मग तिला एकदम उमगलं असावं. "म्हंजे मला दुपारची बॅच? दुपारी तर दुकान असतंय, मॅडम. त्याच्यावरच माझं कॉलेज चाललंय."

मी सरांकडे गेले. म्हटलं, तिला सगळं येतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. सर म्हणाले, "डोळ्यांनी पाहिल्याचे मार्क कुठल्या रकान्यात लिहू? फाइल नाही तर मार्क नाहीत, हे तुम्हीच ठरवलंत. उद्या जो तो म्हणेल, केलं होतं, मिटवलं." त्यांचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी मी म्हणाले, ज्यांची फोल्डरं रिकामी आहेत त्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेऊ. "नवा पेपर कोण काढणार?" सरांनी विचारलं. मीच काढणार होते, दुसरं कोण?

दुसऱ्या खेपेलाही तिचं आधीच झालं. फाइली सेव्ह केल्या, माउस दूर सरकवला आणि दोन्ही हात ओढणीखाली मांडीवर धरून ती वेळ संपेपर्यंत बसून राहिली. मी तिथंच फोल्डर उघडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. "सकाळची बॅच," मी म्हणाले. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मलाही फार बरं वाटलं.

तरी ती उठेना. "आता मिटवू का, मॅडम?"

मी मार्क लिहून घेतले आणि हो म्हणाले. तिनं फाइली मिटवल्या, बिन रिकामी केली. मग दप्तर उचलता उचलता सहज विचारलं, "पहिल्या पेपराचं समद्यांचं मिटवलं ना?"

मी तिला म्हणाले, "जा, दुकानाला उशीर होईल."

ती गेली. पहिल्या पेपराचे अर्ज सगळ्या मशीनवर अजून तसेच पडले होते. शरम वाटायला हवी होती आणि वाटलीही, पण त्याहून जास्त थकवा आला. घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी होती, कुठल्याही मशीनवर बसणारी, कुठलंही फोल्डर उघडणारी. त्यांना बाहेरच थांबवलं, आतून कडी लावली आणि पहिल्या मशीनसमोर बसले. पहिल्याच अर्जात एका मुलीनं मोबाइल नंबर लिहिला होता आणि पत्त्याखाली घराची खूणही दिली होती: पाण्याच्या टाकीमागं, निळं दार.