बटणांना नावं ठेवणारी काकू

आसपासच्या सगळ्यांच्या पँटी आखूड-लांब करून देणाऱ्या काकूंना नवऱ्याचा रेडिओ कधीच आवडला नव्हता. काका लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आले, की हातपाय धुऊन थेट मागच्या खोलीत. कानाला हेडफोन, समोर माइक, आणि दूरदेशीच्या कुणा हौशी रेडिओवाल्याशी गप्पा. गप्पा कसल्या, "आवाज कसा येतोय?" "छान येतोय. तुम्हाला?" एवढ्यावरच दोघंही खूश.

"इथून मी हाक मारते तो आवाज मात्र येत नाही," काकू शिलाई मशीनवरून म्हणायच्या.

पुढे काका निवृत्त झाले आणि काचबिंदूनं त्यांची नजर गेली. रेडिओची बटणं बोटांना पाठ होती, त्याची अडचण नव्हती. घोडं अडलं ते संगणकापाशी. कोण कधी भेटलं याची नोंद, लहरी जुळवणं, संदेश पाठवणं, हे सगळं आता एका सॉफ्टवेअरमधून चालायचं. जगभरच्या हौशी मंडळींनी फावल्या वेळात, फुकट बनवलेलं. लेक दुसऱ्या गावी संगणकाचंच काम करायची. तिनं पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. काकांनी मोठ्या उत्साहानं कळ दाबली.

"बटण," आवाज म्हणाला. पुढची कळ. "बटण." त्यापुढची. "बटण."

पडद्यावर नुसती चित्रं होती. नाव कुणीच दिलं नव्हतं, तर तो आवाज बिचारा काय वाचणार?

मग काकांचे डोळे काकू झाल्या. "अगं, जरा बघ गं," अशी हाक आली की मशीन सोडून मागच्या खोलीत धाव. एकदा एक गृहस्थ टाचण्या टोचलेल्या पँटीत इतका वेळ ताटकळले, की शेवटी तसेच, पाय फाकवून, काकूंना शोधत मागे आले. त्या दिवशी काकू कडाडल्या. संध्याकाळी काका म्हणाले, "विकून टाकू तो रेडिओ. नाहीतरी आता पुरे झालं."

त्यानंतर ते पुढच्या खोलीत खुर्ची टाकून नुसते बसू लागले. काकू शिवत असताना मध्येच विचारायचे, "आत्ता कोण गेलं रस्त्यानं?" इतकी वर्षं ज्या खरखरीला काकूंनी बोल लावला, तिच्यावाचून घर त्यांना खायला उठलं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"ते सॉफ्टवेअर कुणालाही सुधारता येतं, आई," लेक म्हणाली. "आतलं मी बघते. तू फक्त बटणांना नावं दे."

"नावं ठेवण्यात तुझ्या आईचा हात कोण धरणार?" काका शेजारून म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून चेष्टा निघाली होती.

दोघं संगणकासमोर बसले. काकू चित्राचं वर्णन करायच्या, काका ते बटण काय करतं ते सांगायचे, मग काकू नाव ठरवायच्या. आखूड आणि सरळ. ‘ऐका’. ‘बोला’. पाठवणं एकदम थांबवायचं ते ‘गप्प’.

सॉफ्टवेअर सांभाळणारा गृहस्थ दूरच्या कुठल्याशा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचा फोटो पाहून काकू त्याला दाढीवाला म्हणायच्या. त्याला ‘गप्प’ रुचलं नाही. ‘प्रक्षेपण तात्काळ स्थगित करा’ बरं दिसेल, असं त्यानं लेकीला कळवलं.

"दिसेल!" काकू म्हणाल्या. "त्याला म्हणावं, पडदा झाक आणि एकदा वापरून बघ."

दाढीवाला दिलाचा मोकळा होता. त्यानं पडद्यावर टॉवेल टाकला आणि बसला. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. लांबलचक नावं ऐकता ऐकता बाहेर पडायचं बटण काही सापडेना, शेवटी वायर उपटली. ‘गप्प’ मंजूर. वर त्यानं मेनूची सगळी मांडणीच नव्यानं करायला घेतली.

पहिल्या चाचणीच्या दिवशी मात्र फजिती झाली. संगणकाचा आवाज रेडिओतून बाहेर पाठवायची सोय चालू होती, त्यामुळे वाचणारा आवाजही खुशाल बाहेर जाऊ लागला. "ऐका. बोला. नोंद पुसा," सारं आकाशभर.

"अहो, थांबवा ते!" काकू ओरडल्या.

"कुठल्या बटणानं?"

"गप्प!"

"अगं, मी गप्पच आहे!"

काकूंनी स्वतःच कळ दाबली. काका कपाळाला हात लावून बसले. आता सगळे हसणार! तेवढ्यात रेडिओतून एका बाईचा आवाज आला.

"तुमच्याकडेपण वाचून दाखवणारा आवाज आहे? माझ्याकडे तो नुसतं ‘बटण, बटण’ करतो. कंटाळून मी संगणक सोडून दिला. तुम्ही ही नावं कुठून आणलीत?"

ती जन्मांध होती आणि पियानो सुरात लावण्याचा व्यवसाय करायची. बोलायचा परवाना एकट्या काकांकडे, म्हणून काकू सांगत होत्या आणि काका पुढे बोलत होते. काकूंचा वेग त्यांना झेपेना. "हळू गं, मी दुभाष्या आहे, टेलिप्रिंटर नाही," म्हणत त्यांनी कसंबसं सगळं पोचवलं.

तिथून ती पियानोवाली कामात सामील झाली. वाचणारा आवाज फक्त हेडफोनमध्येच जावा, ही दुरुस्ती लेकीनं केली. लहर जुळवताना आकडे वाचत बसण्यापेक्षा सूर चढता-उतरता ऐकवा, ही कल्पना पियानोवालीची. काकांना ती इतकी मानवली, की आता ते डोळस मित्रांच्या आधी लहर पकडतात आणि त्याची फुशारकीही मारतात.

मध्यंतरी काकूंनी परवान्याची परीक्षा दिली. अभ्यास काकांनी घेतला आणि दोनदा अबोलाही झाला, पण काकू पास झाल्या. आता दुपारी पुढच्या खोलीतल्या शिलाईच्या दुकानाच्या दारावर ‘थोड्या वेळात येते’ अशी पाटी लागते आणि मागच्या खोलीतून काकू व पियानोवालीच्या हसण्याचा आवाज येतो. सॉफ्टवेअरमधलं नकाशाचं पान अजून काहीच बोलत नाही. त्यावरून दोघींनी दाढीवाल्याला भंडावून सोडलंय. येत्या सुट्टीत त्याला हात घालायचं त्यानं कबूल केलंय. काका दारात उभे राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात.