सात कवडसे

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बायको रुसून विठ्ठलवाडीला माहेरी गेली होती आणि शिरगावच्या फ्लॅटमध्ये मी एकटा होतो. भांडण कशावरून झालं, हे आता आठवतही नाही. तिने आपण होऊन परत यावं, एवढाच माझा हट्ट होता.

त्याच सुमारास अंबरनाथला, आमच्या कारखान्याच्या लायब्ररीत, एका मासिकात वाचलं की परदेशात एका डोंगरावर प्रचंड दुर्बीण उभी राहतेय आणि तिचा आरसा छत्तीस षटकोनी तुकड्यांचा आहे. एवढा मोठा आरसा अखंड केला तर स्वतःच्या वजनानेच वाकतो. म्हणून तुकडे. प्रत्येकाच्या कडेला यंत्र असतं. शेजारचा तुकडा केसभरही सरकायच्या आत ते ओळखतं आणि सेकंदाला दोनदा जुळणी होते.

रिकामं घर खायला उठायचं. मी कॅम्प चारच्या बाजारातल्या सिंधी काचवाल्याकडून सात षटकोनी आरसे कापून घेतले. ‘साईं, ड्रेसिंग टेबल बना रहे हो क्या?’ त्याने विचारलं. सपाट आरशांनी तारे दिसणार नव्हते, पण मला जुळणी करून बघायची होती.

प्रत्येक आरशामागे कल बदलायला तीन स्क्रू लावून सातही एका फळीवर बसवले, फळी खिडकीत उन्हात ठेवली. समोरच्या भिंतीवर पेन्सिलने फुली काढली आणि एकेक कवडसा फुलीवर आणू लागलो. सातव्यापर्यंत पोचलो की पहिले सगळे पांगलेले. तीन रविवार असेच गेले. चूक कळेना.

चौथ्या रविवारी बायको आली. साड्या न्यायला. पसारा बघून क्षणभर थांबली.

‘फुलीकडे काय बघता? ऊन सरकतंय ना. शेजारच्या कवडशाशी जुळवा.’

बॅग खाली ठेवून ती भिंतीपाशी उभी राहिली. ‘जरा डावीकडे. अजून. बस.’ मी स्क्रू फिरवत गेलो. अर्ध्या तासात सातांचा एक कवडसा झाला, डोळे दिपवणारा. ती हसली. किती महिन्यांनी!

‘थांब’ हा शब्द जिभेवर होता. मी म्हणालो, ‘चहा टाकू?’

‘नको. गाडी चुकेल.’

तिने बॅग उचलली. मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा राहिलो, तिने आणखी काही बोलावं म्हणून. दार लागलं.

कवडसा तिथेच होता, एकसंध. तो फुलीवरून पुढे सरकत गेला. सातांपैकी एकही मागे राहिला नाही. ऊन जाईपर्यंत मी बघत बसलो. ती पुन्हा आली नाही, आणि मीही विठ्ठलवाडीला गेलो नाही.