आळी गप्प बसली तो दिवस

तलासरीच्या ज्या रुग्णालयात मी नर्स आहे, तिथे माझ्याच वॉर्डात माझी मैत्रीण काम करायची. ती तलासरीजवळच्या एका पाड्यावरची. मी डहाणूच्या खाडीकाठची, मासेमारी करणाऱ्या घरातली. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ती दोघींनी द्यायची, असं आम्ही एका दुपारी डबा खाताना ठरवलं.

वेगळा अभ्यास करायला वेळ नव्हता, म्हणून चादरी बदलताना, सलाईन लावताना आम्ही एकमेकींशी इंग्रजीत बोलू लागलो. आमच्या वॉर्डातले पेशंट कुणी वारलीत बोलतं, कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत. एक बाई सांगायची, पोटात पीळ पडतोय. शेजारची म्हणायची, चमक मारते. तिसरीचं गळू ठणकत असायचं. या प्रत्येक दुखण्याला आम्ही इंग्रजी शब्द शोधायचो. 'थ्रॉबिंग' सापडला तेव्हा मैत्रीण हातातली उशी तशीच धरून उभी राहिली.

"म्हणजे त्यांनाही असंच ठणकतं," ती म्हणाली.

मला त्या वाक्याचं फार नवल वाटलं. तोवर इंग्रजी माझ्या लेखी कागदांची आणि साहेबांची भाषा होती. त्या भाषेतही कुणाचं गळू ठणकत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

परीक्षा घरूनही देता येते, असं कळलं. मुंबईच्या केंद्रावरच्या तारखा आमच्या ड्युटीशी जुळत नव्हत्या, म्हणून आम्ही घरचीच घेतली. नियम मात्र कडक होते. खोलीत एकटीच हवी, दार बंद, कानाला काही लावायचं नाही. प्रश्न लॅपटॉपच्या स्पीकरवरच ऐकायचे. बाहेरून कुणाचा आवाज आत आला, तर परीक्षा रद्दही होऊ शकते. मैत्रिणीच्या पाड्यावर शांतता हवी तेवढी, पण नेट टिकत नाही. आमच्या घरी नेट आहे, पण शांतता नाही. होड्या खाडीत आल्या की घरासमोरच मासळीचा लिलाव लागतो. आमच्या आळीत दोन बायका शेजारी बसून बोलत असल्या तरी नवख्याला भांडण चाललंय असं वाटतं.

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती बोंबील निवडत होती.

"किती वेळ गप्प बसायचं?" तिने विचारलं.

"दोन-अडीच तास. पण आई, सगळी आळी कशी गप्प बसेल?"

"सांगून बघते," ती म्हणाली आणि पुन्हा बोंबलांकडे वळली.

नेमकी त्याच दिवशी शेजारच्या काकींच्या मुलीची हळद होती. बँडवाले सकाळीच येणार होते. मी तारीख बदलायच्या विचारात होते, पण आदल्या संध्याकाळी काकी स्वतः आल्या.

"बँड दुपारी चारला बोलावलाय," त्या म्हणाल्या. "हळद काय, संध्याकाळीही लागते. तू बस निवांत."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी लवकरच तयारीला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं, टेबल रिकामं केलं. पडद्यावर परीक्षेवर नजर ठेवणारा एक माणूस आला. त्याने मला लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायला लावल्या, टेबलाखालची जागा दाखवायला लावली, केस मागे घेऊन कान दाखवायला लावले. देव्हाऱ्यासमोर लॅपटॉप आला तेव्हा तो जरा थांबला आणि मग म्हणाला, ठीक आहे. प्रश्न सुरू झाले.

पहिला उतारा वाचून मी मान वर केली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाहेर कुणीच नाही असं वाटत होतं. लिलाव नाही, मुलं नाहीत, भांडी नाहीत. जन्मापासून या घरात राहून मला माहीत नव्हतं की इथे बसून खाडीचं पाणी ऐकू येतं. होडीच्या पोटावर ते चापट्या मारत होतं. एवढी मोठी गोष्ट माझ्यासाठी चालली आहे, हे तेव्हा कळलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

बोलायची पाळी आली तेव्हा पहिल्या वाक्यात आवाज अडकला. नंतर समोर पेशंट आहे असं समजून बोलत गेले, तसा तो सुटला.

मला हवे होते तेवढे गुण मिळाले. पण आळी गप्प कशी बसली, ते मला कळलंच नव्हतं; मी तर बंद दाराआड होते. ते पाहिलं महिन्याभराने, मैत्रीण परीक्षेला आमच्याच घरी आली तेव्हा.

तिला आत बसवून मी दार ओढलं आणि ओट्यावर आईशेजारी बसले. भरती होती, होड्या लागलेल्या होत्या. लिलाव थांबला नव्हता. तो बोटांवर चालला होता. बायका मासळीच्या ढिगाभोवती उभ्या राहून बोटं दाखवत होत्या, माना हलवत होत्या. एकीला भाव पटला नाही तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला, पण तोंड उघडलं नाही. बर्फाचा टेम्पो वळणावरच बंद करून ठेवला होता; माणसं लाद्या गोणपाटात धरून आणत होती आणि लहान मूल निजवावं तशा खाली ठेवत होती. माझ्या चुलत आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. त्यांना कुणीतरी सकाळीच किनाऱ्यावर फिरायला नेलं होतं. एक तान्हं मूल रडायला लागलं, तर जी जवळ होती तिने ते उचललं आणि खाडीच्या दिशेने चालू लागली. ते तिचं मूल नव्हतं.

आतून मैत्रिणीचा आवाज येत होता. स्वच्छ, न घाबरलेला. ओट्याखाली पाच-सहा बायका येऊन बसल्या. दिवसभर बाजारात गिऱ्हाइकाला हाका मारणाऱ्या या बायका मांडीवर हात ठेवून, न कळणारी भाषा ऐकत राहिल्या. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. मैत्रीण ना त्यांच्या आळीची, ना नात्याची. तिचं नावही अर्ध्याजणींना माहीत नसावं.

मी आईच्या कानाशी वाकून विचारलं, "या वेळी कुणी सांगितलं यांना?"

आईने माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले.

शेवटी दार उघडलं. मैत्रीण उंबऱ्यात उभी राहिली. समोर एवढी माणसं आणि कुणीच बोलत नाही, हे पाहून ती गोंधळली.

"मावशी, काय झालं?" तिने आईला हळूच विचारलं.

"तुझी परीक्षा झाली का?" आई तितक्याच हळू म्हणाली.

"झाली."

आईने उठून ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. त्यानंतर जो गलका झाला, त्यात मैत्रीण पुढे काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. तिला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही म्हणून दोन घरांत ओढाताण झाली. काकींनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

बोलण्यात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. ती माझ्याआधी परदेशी गेली. आता तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करते. माझेही कागद आले आहेत. निघायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन यायचं ठरवलं आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.