कोऱ्या बाजूच्या वह्या

माहितीच्या सुरक्षेवर बोलायला मला अजून बोलावतात. मी जाते, पासवर्डवर बोलते, कुलपांवर बोलते, लोक मान डोलावतात, आणि मी चहा पिऊन घरी येते. येताना दरवेळी संताप होतो. मुख्य गोष्ट सोडून मी बाकी सगळं बोलत असते. ती आता इथं लिहून टाकते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपुरातल्या एका कार्यालयात दोन कंप्युटर आले आणि ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गणित शिकलेली, नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स केलेली मी त्यांच्यापुढे बसू लागले. काम कुष्ठरोगाच्या नोंदींचं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडच्या गावांतून रजिस्टरं यायची. नाव, गाव, वय, चट्टा कुठं, गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी संपल्या. ते सगळं मशीनमध्ये भरायचं आणि दर महिन्याला याद्या छापायच्या. मशीन तेव्हा इंग्रजीतच छापायचं.

त्या मशीनचे लाड विचारू नका. बाहेर मे महिन्यात माणसं भाजून निघत, खिडकीच्या कडेवर कोळशाची काळी भुकटी बसे, आणि अख्ख्या इमारतीतला एकमेव एसी मशीनसाठी. आत जायचं तर चपला बाहेर. आमच्या घरच्यांना बुद्धविहाराच्या दाराशी चपला काढायची सवय होती, पण तिथं निदान कोणी खेकसत नसे. फ्लॉप्या लोखंडी कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात. "इथली माहिती इथंच राहिली पाहिजे," असं साहेब आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. मलाही ते पटायचं. मी तर स्वतःला त्या माहितीची राखणदार समजायचे.

आणि कागद? तो लांबच लांब, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. एक रकाना चुकला की पन्नास पानं वाया. ती टेबलाखाली पडायची. त्यांच्याकडे ना साहेबांचं लक्ष, ना माझं. कागद काय, रद्दीच ती. पण मागची बाजू कोरी, आणि आमच्याकडे कोरा कागद फेकणं म्हणजे पाप. शिपाई घरी न्यायचे, कारकून न्यायचे, कोणी त्यावर भाजीची यादी करायचं, कोणी मुलांना गणितं घालायचं.

मीही न्यायचे. माझी धाकटी बहीण गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात शिक्षिका होती. तिच्या शाळेत पोरांकडे वह्या नव्हत्या. महिन्यातून एका शनिवारी मी दोरीने बांधलेला गठ्ठा घेऊन एसटीत बसायचे. रात्री पोचायचे, पहाटेच्या गाडीने परत; गावात बहिणीशिवाय मला कोणी ओळखत नसे. दोघी मिळून रात्रीच कागद कापायचो, दाभणाने शिवायचो. पोरं कोऱ्या बाजूवर पाढे लिहीत. छापलेल्या बाजूकडे आम्ही दोघींनी कधी ढुंकून पाहिलं नाही. उलट मला स्वतःचा केवढा अभिमान! सरकारने दिलं नाही ते मी देते, असं मी बसमधल्या अनोळखी बाईलाही सांगत असे.

एका सकाळी कंप्युटरच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. चपला तिने कोणी न सांगताच काढून हातात धरल्या होत्या. दुसऱ्या हातात वही होती. मी शिवलेली वही. दोरा माझाच, निळा.

"बाई, हे तुमच्याच मशीनचं हाय ना?"

तिने वही उलटी करून धरली. वर इंग्रजीत कुष्ठरुग्णांच्या नोंदी असा मथळा, खाली गावाचं नाव आणि त्याखाली नावं. चपला दाराबाहेर ठेवून तिने पेनाने खूण केलेल्या एका नावावर बोट ठेवलं.

"हे मी. मले वाचता नाई येत, पन आता गावातल्या सगळ्याइले येते."

ती माझ्या बहिणीच्याच गावातली. बालवाडीत पोरांना सुकडी करून वाढायची. दोन वर्षं दुसऱ्या गावच्या बाजारात जाऊन सरकारी दवाखान्याच्या माणसाकडून गुपचूप गोळ्या घेतल्या आणि पूर्ण बरी झाली. नवऱ्याशिवाय कोणाला पत्ता नव्हता. पाचवीतल्या एका मुलीला शाळेत नुकतंच इंग्रजी सुरू झालं होतं. तिने वहीच्या मागच्या बाजूला एकेक अक्षर लावत आपल्या गावाचं नाव वाचलं आणि हरखून घरभर दाखवलं. तिचा मोठा भाऊ कॉलेजात शिकणारा. त्याने वरचा मथळा वाचला.

"पोरं येनं बंद झाले. मी वाढलेलं कोनी खाऊ देऊन नाई राह्यले. सरपंच म्हनते, बरी झाल्याचा कागद आन, नाई तं पळी दुसरीच्या हाती देतो. मले तेवढा कागद द्या बाई. मी बरी झाली, एवढंच लिहून द्या."

मी मशीनवर तिची नोंद उघडली. उपचार पूर्ण. चकचकीत अक्षरांत, समोर. ती ओळ छापली आणि तिला घेऊन साहेबांकडे गेले. सही आणि शिक्का, दोन मिनिटांचं काम.

साहेबांनी कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"असं लेखी देता येणार नाही. रुग्णाची माहिती गोपनीय असते."

"माहीच माहिती हाय ना जी साहेब?" बाई म्हणाली.

"नियम आहे."

तिचं नाव शाळेच्या वहीवर गावभर फिरलं तेव्हा हा नियम कुठं झोपला होता? पोरासोरांना वाचायला मिळालेली गोष्ट जिची होती तिलाच द्यायची नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी साहेबांशी भांडले, आवाज चढवला, कारकून दाराशी जमले. साहेब शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग हे कागद बाहेर कोणी नेले, त्याची चौकशी लावू का?"

मी कागद उचलला आणि बाईला घेऊन दाराबाहेर पडले.

नोकरी नवी होती. घरात पहिलीच सरकारी नोकरी, तीही मुलीची. बहिणीचीही नोकरी होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कामाचं नाही.

बाहेर आल्यावर बाईने चपला पायात घातल्या. मग मला विचारलं, "मंग हे कागद आमच्या गावात आनले कोनं? मास्तरीनबाई म्हनते, रद्दीवाल्याकडून घेतले."

म्हणजे बहीण घाबरून आधीच खोटं बोलली होती. आता मला फक्त मान हलवायची होती.

"हो," मी म्हणाले. "रद्दीवालाच असेल."

"त्याचं वाटोळं होईन," ती म्हणाली. मोठ्याने नाही, रागानेही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी माह्यासाठी साहेबासंग भांडल्या बाई. एवढं कोनी करत नाई." आणि बसस्टँडकडे निघून गेली. सही नसलेला कागद मी तिला देऊ केला होता, तो तिने घेतला नाही.

दुसऱ्या आठवड्यात कार्यालयात आदेश निघाला. रद्दी जाळावी, टेबलाखाली कागद दिसू नये, पासवर्ड बदलावा. वरातीमागून घोडं. पुढच्या महिन्यात बहिणीचं पत्र आलं. पळी दुसरीच्या हाती गेली होती आणि बाई लोकांच्या शेतातल्या बांधीत मजुरीने धानाच्या रोवण्याला जात होती. पत्राच्या शेवटी बहिणीने लिहिलं होतं, वह्या आता आणू नकोस. मी त्या गावात पुन्हा गेले नाही. बढत्या मिळत गेल्या.

बाई, रद्दीवाला कोणी नव्हता. कागद मी आणले होते.