शूटिंगनानांची सहल

शूटिंगनाना माणसांना अशा ठिकाणी घेऊन जात की जिथे बघण्यासारखं काहीच नसे, आणि माणसं तिथे उभी राहून टाळ्या वाजवत. सोनगीरच्या किल्ल्यावर एका ढासळलेल्या बुरुजाकडे बोट करून ते म्हणत, "राक्षस इथे झोपायचा. त्याचे पाय पार त्या बाभळीपर्यंत यायचे." लोक आधी बाभळीकडे बघत, मग बुरुजाकडे, मग पुन्हा बाभळीकडे, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यांवरून कळे की राक्षस दिसायला लागला आहे. 'इथे शूटिंग झालं होतं' असं नाना कधी म्हणत नसत. राक्षस इथे झोपायचा, उडता घोडा इथे पाणी प्यायचा, परी इथून वर आली, असंच सांगत. जणू हे सगळं त्यांच्या भाऊबंदांत घडलं होतं.

नाना धुळ्याला आमच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. मूळचे तापीकाठचे, धंदा मेटाडोर चालवण्याचा. ऐंशी सालाच्या आसपास एक हिंदी जादूचा सिनेमा काढणारी मंडळी आपल्या भागात येऊन राहिली, तेव्हा त्यांची माणसं आणि सामान वाहायला नानांची गाडी लागली होती. पुढे तो सिनेमा आधी टॉकीजमध्ये, मग जत्रेच्या तंबूत आणि शेवटी गल्लोगल्लीच्या व्हिडिओवर इतका चालला की पोरांना तोंडपाठ झाला. लोक नानांना जागा दाखवा म्हणून गळ घालायला लागले. त्यातून ती रविवारची सहल सुरू झाली. सकाळी धुळ्याच्या स्टँडजवळून निघायचं, सोनगीर, मग तापीचा काठ, मग चोपड्याच्या पुढे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, आणि अमळनेरवरून दिवेलागणीला परत.

गाडी चालवताना नाना बोलत नसत. जागा आली की खाली उतरत, टोपी सारखी करत आणि मग सुरू होत. एखादा शहाणा हसला की त्याच्यावर चिडत नसत. म्हणत, "पिक्चर खोटा राहतो भाऊ. जागा तर खरी आहे ना?"

त्यांची आणखी एक सवय होती. प्रवाशांत कोणी मुंबईचं किंवा त्या बाजूचं निघालं की ते त्याला हळूच बाजूला घेत. कुठे राहता, काय करता, सिनेमाच्या लाइनीत कोणी ओळखीचं आहे का, अशी लांबून सुरुवात करून शेवटी विचारत की हनुवटीवर आडवी खूण असलेली, उंच, सावळी मुलगी कधी पाहिली का. लोकांना वाटे, हीही सहलीतलीच एखादी गोष्ट असेल. गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की नाना सहल काढतात ती या एका प्रश्नासाठी.

ती मुलगी म्हणजे नानांची एकुलती एक कमल. माझ्या वर्गातली. हनुवटीवरची खूण आमच्याच ओट्यावरून पडून झालेली. शूटिंग तापीवर आलं, तेव्हा परीचं काम करणाऱ्या नटीने पाण्यात उतरायला साफ नकार दिला. दोन दिवस सगळे हातावर हात ठेवून बसले. नाना सहज बोलून गेले की माझी पोर मासोळीसारखी पोहते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कमलला गाडीत बसवून घेऊन गेले. पांढरे कपडे, पाठीला पंख. ती पाण्याखाली गेली आणि डोहाच्या मधोमध वर आली, तेव्हा काठावरच्या माणसांनी श्वास रोखले होते, असं नाना सांगत. गल्लीत आम्ही तिला महिनाभर परीच म्हणत होतो. शूटिंगवाल्यांनी मुक्काम हलवला त्याच दिवशी कमल गेली. कॅमेऱ्यापाशी काम करणारा एक मुलगा होता, त्याच्याबरोबर.

नाना मुंबईला किती वेळा गेले, त्याला गणती नाही. स्टुडिओच्या फाटकांवर उभे राहत, परत येत, पुन्हा जात. तो मुलगा काम सोडून गेल्याचं कळलं, त्यापलीकडे काही नाही. मग सिनेमा लागला. नाना-नानी पहिल्याच खेळाला गेले, मीही बरोबर होते. पडद्यावर पाणी फुटलं आणि परी वर आली. तोंडावर ओले केस, चेहरा दिसत नव्हता. केस बाजूला झाले तेव्हा चेहरा नटीचा होता. नानी अंधारात एवढंच म्हणाली, "केस मनी पोरना शेत." केस तिच्या पोरीचेच होते. त्यानंतर जत्रेत तंबू लागला की ती त्या एका दृश्यापुरती जाऊन बसे आणि ते संपलं की उठून येई.

सहलीचं जेवण नानी करत असे. पहाटे उठून वांगी भाजायची, भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. लोक सहलीपेक्षा त्या जेवणाची तारीफ जास्त करत. संध्याकाळी नाना परत आले की ती रिकामे डबे घेताना काही विचारत नसे, फक्त त्यांच्या तोंडाकडे बघे. नाना नाही अशी मान हलवत. मग ती डबे घासायला बसे. वर्षानुवर्षं मी हे बघितलं.

माझं लग्न होऊन मी जळगावला पिंप्राळ्यात आले. पुढे एका हिवाळ्यात माझ्या नणंदेला आणि तिच्या मुलांना ही सहल दाखवायची म्हणून मी त्यांना घेऊन माहेरी आले. रविवारी स्टँडजवळ आम्ही गाडीत बसलो. आमच्या मागोमाग नाशिकचं एक कुटुंब चढलं. लग्नासाठी धुळ्यात आलेलं, आदल्या संध्याकाळी घरच्या कर्त्या मुलाने सहलीची पाटी वाचून जागा धरून ठेवलेल्या. तो, त्याची आई, त्याची बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. बायकोने थंडीमुळे शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. ती सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसली.

सोनगीरचा किल्ला चढताना तिची मुलगी पळत सुटली आणि तिने हाक मारली. तो आवाज ऐकून मी मागे वळले. धावताना तिची शाल खाली घसरली होती आणि हनुवटीवरची आडवी खूण उघडी पडली होती. आमची नजरानजर झाली. तिने शाल पुन्हा हनुवटीवर ओढून घेतली. मी नानांकडे बघितलं. ते बुरुजापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याआधीच ओळखलं होतं, बहुधा स्टँडवरच. लोक पुढे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन, कमलच्या सासरच्या माणसांकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "शोभा, बोलू नको. तिनी मानसं संगे शेत."

मग त्यांनी बुरुजाकडे बोट केलं आणि राक्षस कुठे झोपायचा ते सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

तिथून निघताना ती लहान मुलगी पुढे बसायचा हट्ट करू लागली. नानांनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं, हॉर्न वाजवू दिला. ती त्यांना ड्रायव्हर आजोबा म्हणत होती. आम्ही तापीवर पोचेपर्यंत रस्त्यात गुरं नव्हती, माणसं नव्हती, तरी हॉर्न वाजत होता.

तापीच्या डोहापाशी नाना नेहमी म्हणत, परी इथून वर आली. त्या दिवशी ते पाण्याच्या काठापर्यंत चालत गेले. मग म्हणाले की खरं सांगायचं तर ती नटी नव्हती, इकडचीच एक पोर होती. तिला नदीत पोहायला तिच्या बापाने शिकवलं होतं, आणि इथे आणलंही बापानेच. तिचा काही दोष नव्हता. हे शेवटचं वाक्य लोकांना कळलं नाही. नाशिकच्या सासूबाईंनी विचारलं, मग पुढे काय झालं हो तिचं? नाना म्हणाले, कुठे असेल तिथे सुखी असेल. कमल आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभी होती. नवऱ्याने फोटो काढायला हाक मारली, तेव्हा ती वळली आणि मुलीला पुढे घेऊन फोटोला उभी राहिली.

उनपदेवला झाडाखाली पंगत बसली. नाना वाढत होते. कमलच्या पानात भरीत पडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हिला वाढू नका, ही वांग्याला शिवतसुद्धा नाही. कमलने भाकरीचा तुकडा मोडला आणि खायला लागली. मान खाली घालून तिने सगळं संपवलं, आणि नानांनी पुन्हा वाढलं तेही संपवलं. सासूबाईंना नवल वाटलं. जेवणानंतर त्या मोकळेपणाने नानांशी गप्पा मारत बसल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. सुनेचं त्यांना फार कौतुक. म्हणाल्या, "बिचारीला माहेर नाही. आईवडील लहानपणीच गेले. महिलाश्रमात शिवण शिकवत होती, तिथूनच आम्ही करून आणली. माहेरचं जेवण काय असतं ते तिला माहीतच नाही."

नानांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. "बरं केलंत," ते म्हणाले. "जपा तिला."

कमल तिथे नव्हती. ती झऱ्यावर डबे घासत होती. कोणी सांगितलं नव्हतं. राखेने एकेक डबा, एकेक झाकण, काठ, कड्या, सगळं घासत होती. नवरा दोनदा बोलवायला आला, तरी उठली नाही. मी जवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आई कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे, वाट बघते. तिने पुढचं झाकण घासायला घेतलं. सासूबाई येताना दिसल्या तशी मी उठले.

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ती मंडळी रिक्षात बसून गेली. कमलने मागे वळून बघितलं नाही. आपल्या वडिलांची गाडी आहे हे ठाऊक असून ती आली होती की नवऱ्याने जागा धरल्या म्हणून यावं लागलं होतं, हे मला कधीच कळलं नाही. नानांनाही नाही. गाडी गल्लीत लावल्यावर ते म्हणाले, "मुद्दाम उनी व्हई तर तिनं माले देखी लिधं. चुकीसन उनी व्हई तर आते कधीच येवाव नही." कशीही आली असली तरी ती आता पुन्हा यायची नाही, असंच त्यांना म्हणायचं होतं. मग मला बजावलं की नानीला यातलं काही कळता कामा नये. नानी दारात येऊन उभी होती. नानांनी नेहमीसारखी मान हलवली. तिने लख्ख घासलेले डबे घेतले, आत बघितलं आणि आज कोणी घासले म्हणून विचारलं. नाना म्हणाले, एक बाई होती.

त्यानंतर सहल बंद झाली. लोक विचारत, तर गुडघे धरलेत म्हणून सांगत. मेटाडोर काही महिने दारात उभी राहिली आणि मग विकली गेली. नानी मात्र त्यांच्या मागे लागायची की पुन्हा सुरू करा, मुंबईची माणसं येतात, एखाद्याला ठाऊक असेल. ती असं बोलायला लागली की नाना उठून बाहेर जात. माझी भेट झाली की विचारत, नानीला सांगावं का गं? आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणत, पोरीचा संसार मोडेल. ही बाई नाशिकचं घर न् घर धुंडाळेल, दारात जाऊन उभी राहील. सासरच्यांना पोर काय तोंड दाखवेल?

नव्वद सालानंतर नानी आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. मी जळगावहून भेटायला गेले त्या दुपारी नाना तिच्या उशाशी बसले होते. ती पुन्हा कमलचं काहीतरी बोलत होती. नाना एकदम म्हणाले, "कमल बरी शे. तिले पोर शे. मी देखी तिले." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सोनगीर, तापी, हॉर्न, भरीत. डबे कोणी घासले तेही.

मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती डोळे उघडे ठेवून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "किती साल व्हयनात?" नानांनी सांगितलं. ती म्हणाली, "इतला साल मी वाट देखी, आन् तुम्ही देखत बसनात." नाना तिचा हात धरायला गेले. तिने तो पांघरुणाखाली घेतला.

त्यानंतर ती आठवडाभर होती. माझ्याशी बोलली, शेजारणींशी बोलली, पाणी मागितलं. नानांशी एक शब्द बोलली नाही. गेली तेव्हाही तिचं तोंड भिंतीकडे होतं. नाना मला म्हणाले की सांगितलं हेही चुकलं आणि इतके दिवस सांगितलं नाही हेही चुकलं. यातलं कुठलं कमी चुकलं, ते सांग.

नाना पुढे शिरपूरला पुतण्याकडे जाऊन राहिले. तिथे पोरं त्यांना सिनेमाच्या गोष्टी सांगा म्हणून घेरत. ते म्हणत, मी गाडी चालवायचो, मला काही माहीत नाही. दोन पावसाळ्यांनी तेही गेले. मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुतण्या बिचारा हळहळत होता. बाप गेला तर मुलीला कळायला पाहिजे, म्हणाला. तू तिची मैत्रीण, तुला तिचा काही ठावठिकाणा माहीत आहे का?

तिचं सासरचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, हे खरं होतं. पण ठाऊक असतं, तरी तिचे आईवडील लहानपणीच गेले असं समजणाऱ्या त्या घरात निरोप कोणाचा म्हणून पाठवायचा होता? मी नाही म्हटलं आणि जळगावच्या गाडीत बसले.