आईची घरं

पोर मी बाहेर काढलं. नाळ मी कापली. आणि गरम पाणी आलं ते बाईंच्या हातांवर.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचं घर. सून पहिलटकरीण, पहाटेपासून अडलेली. बाई पांढरं पातळ नेसून खोलीच्या दारात उभ्या. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. "कळ दे म्हणावं तिला," एवढंच दोनदा बोलल्या. आत मी आणि ती सून. पोर रडलं तसं सगळं घर दाराशी गोळा झालं. मी पोराला पुसलं, फडक्यात गुंडाळलं. बाईंनी ते घेतलं आणि सासूच्या ओटीत घातलं. मोलकरीण गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. मी ते पुढं केले.

सासू म्हणाली, "आदी बाईंस्नी दे."

बाईंचे कोरडे, स्वच्छ हात धुतले गेले. तांब्या माजघरात गेला तो परत आलाच नाही. माझ्यापुढं वार घातलेलं मडकं सरकवलं आणि मागच्या परड्याचं दार दाखवलं. मी पुरती उठलेही नव्हते, तोवर मोलकरीण माझी बसायची जागा शेणानं सारवायला लागली. अडल्या वेळी आमचा हात चालतो. वेळ टळली की त्याच हाताचा विटाळ.

मडकं पुरलं. हात पदराखाली लपवून ओढ्यापर्यंत चालत गेले. रक्त वाळून कातडं ओढत होतं. वाटेत बाईंचा टांगा माझ्या शेजारून पुढं गेला. बाईंच्या मांडीवर साडीचोळी होती, नारळ होता.

आणि त्या घरात मी काय म्हणून गेले होते? बाईंच्या सुईणपणाच्या वर्गाची विद्यार्थिनी म्हणून. फी भरून.

मी मांगाची. माझी आई सुईण. आमच्या बायकांत 'घर' म्हणजे राहायचं घर नव्हे. ज्या घरची बाळंतपणं आपल्याकडं, ते आपलं घर. तिथं दुसरी सुईण जात नाही. शाहूपुरीची पेठ नव्यानं वसत होती तेव्हा आईनं तिथली घरं आपल्या हातगुणावर मिळवली. वारसा नव्हता, कुणाची शिफारस नव्हती. अडलेल्या बायका सोडवल्या आणि घरं जोडली. आमची चूल त्या घरांवर पेटायची.

बाई एका दुपारी मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा कचेरीत कारकून. अशी बाई आमच्या वाटेला आली याचंच वाड्याला केवढं कौतुक! त्या आईला म्हणाल्या, "महाराजांनी तुम्हा लोकांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत, ठाऊक आहे ना? मी सुईणपणाचा वर्ग काढला आहे. सहा महिने पोरीला माझ्याकडे शिकायला पाठव. दाखला मिळाला की दरबारच्या दवाखान्यात नोकरी पक्की."

महाराजांचा हुकूम खरा होता. म्हणून तर थाप खपली.

फीपोटी आईनं पायातले चांदीचे वाळे काढून दिले. पण बाईंना तेवढ्यानं भागायचं नव्हतं. "पोरीचा हात बसायला बाळंतपणं नकोत का? तुझी घरं मला दे." आई आपल्या पायांनी घरोघर हिंडली. प्रत्येक दारात, उंबऱ्याबाहेर उभी राहून हसत हसत सांगत होती, "आता बाईंस्नी बोलवा. शिकल्याल्या हायती. आन् संगं माझीच पोरगी येतीया की. फुडं दवाखान्यात लागनार हाय ती." मी तिच्या मागं होते. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मलाही भारी वाटलं होतं.

वर्ग म्हणजे बाईंच्या घरचा सोपा. आत चटईवर दोन विधवा बायका पुस्तक घेऊन बसायच्या. मी बाहेर पायरीवर. अंगण झाडायचं, फडकी उकळायची, बाईंची बॅग वाहायची. मधूनमधून आतलं ऐकायला यायचं तेवढं ऐकायचं. बाळंतपणातलं मला जे येत होतं ते आईनं शिकवलेलं. बाईंकडून मी एक गोष्ट शिकले, तोंड बंद ठेवायची. एकदाच धीर करून म्हणाले, "बाई, मला अक्षरं शिकवा की."

"अक्षरं कशाला? पोर काय पोथी वाचत बाहेर येतं?"

चटईवरच्या दोघीही हसल्या. त्या हसल्या याचं मला जास्त लागलं.

सहा महिन्यांनी दाखला मिळाला. जाड कागद, खाली निळा शिक्का. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि वाड्यात गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी मी धुतलेलं लुगडं नेसून दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला.

"यात काय लिहिलंय, माहीत आहे का तुला?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी वाचून दाखवलं. "हिने आमचेकडे सहा महिने वरकाम केले. वर्तन चांगले."

एवढंच होतं. सुईण हा शब्दसुद्धा नव्हता.

नर्सबाई वाईट नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "त्या वर्गाच्या अजून दोघी येऊन गेल्या. त्यांच्या कागदावर सुईण लिहिलं होतं, पण तो दाखला इथं चालत नाही. इथं लागणाऱ्या बायकांना इथंच शिकवतात. फी घेत नाहीत. फक्त लिहितावाचता आलं पाहिजे."

फी घेत नाहीत, हे ऐकलं आणि मी कागद घेऊन बाहेर आले. दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसले कुणास ठाऊक. चटईवरच्या दोघींना निदान वाचता येत होतं. मला आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

सांगितलं. आई रडली नाही. उठली आणि आपली घरं परत मागायला गेली. मागं मीही गेले. पहिल्या दारात म्हणाले, "बाई येत्यात की आता. तू कशाला?" दुसऱ्या दारात म्हणाले, "तुझीच पोरगी असती की संगं." तिसऱ्या दारात कुणीतरी तिच्या पदरात भाकरी टाकली. मागायला आली असं वाटलं त्यांना. या घरातली तीन पोरं आईच्या हातावर जन्मलेली. त्यातलंच एक दारात उभं राहून बघत होतं. आई भाकरी घेऊन घरी आली आणि खाल्ली नाही.

त्यानंतरही ती रोज सकाळी नखं दगडावर घासून घ्यायची. सुईणीची नखं वाढून चालत नाहीत. बोलावणं येणार नव्हतं, तरी घासायची. मला ते बघवायचं नाही.

मी बाईंकडं गेले. वाटलं होतं, मला समोर बघून शरमतील. कसलं काय! पायरीवर आजऱ्याकडची एक बाई आणि तिची लेक गाठोडं घेऊन बसल्या होत्या. आमच्यासारख्याच, मांगवाड्यातल्या. नवा वर्ग सुरू व्हायचा होता. बाईंनी मला घाईघाईनं परड्यात नेलं.

"झालं गेलं सोड. नर्ससारखं दिसायला हे पांढरं पातळ नेस आणि बाहेर जाऊन त्यांना एवढंच सांग, मला दवाखान्यात नोकरी लागली. मी तुझ्या आईची घरं परत देते. सगळी. मी स्वतः जाऊन सांगते त्यांना."

कुठं दुखतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मी पातळ हातात घेतलं. दगडावर नखं घासणारी आई डोळ्यांपुढं आली. एका वाक्याचं तर काम होतं. पातळ तसंच हातात धरून मी पुढच्या दारी आले.

आजऱ्याची बाई फीपोटी दंडातली चांदीची येळ काढत होती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "लागली व्हय गं बाय, तुला नोकरी?"

तिची लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. असेल तेरा-चौदाची. डोळे अगदी लकलक करत होते. मागं एकदा मीही असंच बघितलं असणार.

"न्हाय लागली, मावशी. हितं शिकून कुनालाच लागत न्हाय. दवाखान्यात फुकट शिकवत्यात. हिला आदी शाळंत घाला. येळ दंडात चढवा आन् चला."

बाई ओरडल्या, "मांगिणी, जीभ झडेल तुझी!"

मी पातळ पायरीवर ठेवलं. गाठोडं उचललं आणि त्या दोघींना पेठेच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून आले.

आईला खरं सांगितलं. शाबासकी देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या मायलेकी आपल्या कोन लागत्यात? येक शबुद खोटं बोलली असतीस तर माझी घरं आली असती की गं." मी तिच्या पायांना हात लावायला गेले, तिनं पाय आखडून घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मधल्या काळात तिला एकाही बाळंतपणाचं बोलावणं आलं नाही. माझ्याशी ती जेवणापुरतं बोलायची. राग मनात ठेवूनच गेली. मी बरोबर होते हे तिला कधीच पटलं नाही, आणि ती चुकत होती असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

बाईंचा वर्ग अजून चालू आहे. नव्या पोरी यायच्या दिवसांत मी त्या रस्त्यावर उभी असते. बाईंच्या नवऱ्यानं दोनदा फौजदाराची भीती घातली, एकदा माणूस पाठवून मला मारहाण करवली. खांदा अजून वर होत नाही. पोरगी दिसली की तिच्या आईला थांबवून मी सगळं सांगते. काहीजणी माघारी फिरतात. काहीजणी मला शिव्या देऊन आत जातात. बाईंनी वर्ग बंद करावा, नाहीतर माझं मढं तिथून उचलावं. जिवंतपणी मी त्या रस्त्यावरून हलणार नाही.