किश बेट आणि माझं पासपोर्टावरचं नाव

किश नावाच्या बेटावर कुणी हौसेने गेलं असेल तर मला माहीत नाही. आम्ही गेलो ते हाकलल्यासारखे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, दुबईकडचा व्हिजिट व्हिसा संपला की देशाबाहेर पडायचं आणि नवा व्हिसा येईपर्यंत बाहेरच थांबायचं, असा कायदा होता. भारतात जाऊन येण्यापेक्षा किश जवळ, समुद्र ओलांडला की आलंच. बेट इराणचं, पण तिथे उतरायला व्हिसा लागत नसे. मग काय, सगळ्यांची वरात तिकडे.

आमचे हे दुबईजवळ उम्म अल कुवैनला एका कारखान्यात फिटर. बायकोला कायमचं आणता येईल एवढा पगार नव्हता, म्हणून मी आपली व्हिजिटवर. पण लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही एका छपराखाली राहत होतो हो! ते टिकवायला मी किशच काय, कुठेही गेले असते.

बेट कसं, तर सपाट, ताटासारखं. बसमध्ये बसावं, ती समुद्राच्या कडेकडेने फिरवून पुन्हा तिथेच आणून सोडते. वाळू पांढरी, तांदळाच्या कण्यांसारखी. दुकानांत अत्तरं, ब्लँकेटं, परदेशी साबण. एका बाजूला किनाऱ्यावर एक गंजकं जहाज रुतून बसलेलं. लोक त्याच्यापुढे फोटो काढायचे, मला मेलं बघवत नसे. आणि चक्क एक वड, पारंब्यांसकट! बाईमाणसाने डोकं झाकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. साडीचा पदर चालत नाही म्हणाले, काळा झगा दिला. त्यात मी मिटलेल्या छत्रीसारखी दिसायचे.

हॉटेलात एकेका खोलीत पाचसहा जणी कोंबलेल्या. आमच्यात फिलिपिनो मुली, केरळच्या दोघी आणि रत्नागिरीकडची एक मावशी. ती दुबईच्या बर दुबई भागात एका घरी स्वयंपाकाला. चहाच्या केटलीत ती मुगाची खिचडी शिजवायची आणि वर म्हणायची, "खा गो, लग्नातल्या जेवणालाही अशी चव नसते."

दुपारी हॉटेलचा क्लार्क फॅक्सने आलेल्या व्हिसांवरची नावं मोठ्याने वाचायचा. जिचं नाव येई ती किंचाळायची आणि उरलेलं तेल, मीठ, तांदूळ मागे राहणाऱ्यांना वाटून जायची. परत न्यायचं नाही, नेलं तर बेट पुन्हा बोलावतं म्हणे. त्यामुळे आमच्या खोलीत मीठ रग्गड, माणसं मात्र रोज वेगळी.

एका दुपारी त्याने माझं सासरचं नाव वाचलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं, ह्यांनी निवडलेलं. मावशी ओरडली, "पळ गो! आला तुझा कागद!" मी धावत खोलीत जाऊन आधी पोहे, पापड, सगळं वाटून टाकलं, मग खाली गेले.

क्लार्कने पासपोर्ट उघडला. "मॅडम, ये तो आप नहीं हो."

"मैंच है. शादी के बाद का नाम है वो."

"पासपोर्ट में दूसरा नाम, बाप का नाम. फ्लाइट में बैठने नहीं देगा."

पासपोर्ट लग्नाआधीचा. पहिला व्हिसा त्यावरच्या माहेरच्या नावानेच झाला होता. मी ह्यांना फोन लावला.

"अहो, नाव कुठलं दिलंत?"

"तुझंच."

"पासपोर्टावरचं?"

"अर्ज भरणाऱ्या टायपिंगवाल्याने तेच घातलं होतं. मीच म्हटलं, चूक आहे, दुरुस्त कर. त्या नावाने मी तुला कधी हाक तरी मारली का गं?"

मी फोन ठेवला.

नव्या अर्जाला ह्यांच्या कारखान्याच्या मालकाची सही लागणार होती. पहिली सही ह्यांनी हातापाया पडून आणलेली. या वेळी मालक म्हणाला, खलास, आता सही नाही. हे रोज फोनवर "इन्शाल्ला, देईल" म्हणायचे, आणि रोज आवाज बारीक होत जायचा. मग मावशीचं नाव आलं. केटली माझ्या पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "तुझापण येईल हो." माझ्याकडे बघितलं नाही तिने.

शेवटी हेच म्हणाले, "तू मुंबईला जा. तिथून बघू."

तिकीट दुबईवरून होतं. विमान बदलायचं, बाहेर पडायचं नाही. हे कुणाचा तरी मोबाइल मागून विमानतळावर आले होते. मी आतल्या फोनवरून लावला.

"कुठे आहेस?"

"घड्याळांच्या दुकानापाशी. तुम्ही?"

"टॅक्स्या लागतात तिथे. मधे एखादी भिंतच असेल बघ."

"जेवलात का?"

"हं. अगं, महिनाअखेर खोली सोडतो. परत कामगारांच्या कॅम्पात. तू शिवलेले पडदे आहेत, त्यांचं काय करू?"

"कुणाला तरी देऊन टाका."

"बरं," म्हणाले. मागच्या माणसाला फोन हवा होता, "यल्ला, यल्ला" करत होता. मी ठेवला.

पुढे पासपोर्टावर मी सासरचं नाव घालून घेतलं. सही कुणी दिली नाही. नोकरी संपेपर्यंत हे कॅम्पात राहिले, आणि मी इथे.